शिंकताना काय होतं?

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक बाईचे गुडघे दुखत असत. निदान दारातून आत शिरताना तरी. डोंबिवली पूर्वेला पहिल्या मजल्यावर माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक होतं, खाली पोळी-भाजी केंद्र, आणि मधला जिना इतका उभा की गुडघे खरोखरच तेवढे दुखत असते तर त्यातल्या निम्म्या बाया वर पोचल्याच नसत्या. पंख्याखाली बसून घाम पुसला की त्या गुडघा दाखवत. बोट कधी उजव्यावर, कधी डाव्यावर. मी मुकाट्याने दोन्ही तपासायची, दोन व्यायाम शिकवायची. बाई पर्स घेऊन उठली, चपलेत पाय घालू लागली, की मग सहज विचारल्यासारखं विचारायची, "शिंकताना काय होतं हो तुम्हाला?"

एक पाय चपलेत आणि एक बाहेर अशा अवस्थेत बाया माझ्याकडे बघत राहत. काही हसत. एकीने तर मला फैलावर घेतलं, "तुम्हाला कोणी सांगितलं? आमच्या जाऊबाई येऊन गेल्या का इथे?" पण बहुतेकजणी पर्स पुन्हा टेबलावर ठेवत, दार नीट लागलंय ना ते बघत आणि खुर्चीत बसत. माझं खरं काम तिथून सुरू होई.

आता क्लिनिक बंद केलं आहे. जिना माझ्याच गुडघ्यांना झेपेना, आणि हे मात्र खरंखुरं दुखणं. संपादकांनी विचारलं, इतक्या वर्षांच्या अनुभवावर काही लिहाल का? मी म्हटलं, लिहीन, पण माझा विषय दिवाळीच्या फराळासोबत वाचण्यासारखा नाही. ते म्हणाले, असं काय आहे? मी सांगितलं. मग ते म्हणाले, "लिहा. आमच्या घरीही कोणाला तरी उपयोग होईल." तेव्हा आधी त्यांच्या घरच्या त्या अनोळखी बाईला नमस्कार.

खोकताना, शिंकताना, हसताना, पाण्याची बादली उचलताना लघवीचे थेंब गळणं, किंवा लागली म्हणता म्हणता बाथरूमच्या दारातच कपडे ओले होणं, हा तो विषय. त्याला इंग्रजीत लांबलचक नाव आहे, आपल्याकडे बाया 'कंट्रोल राहत नाही' म्हणतात, 'खालचं जरा' म्हणतात, किंवा काहीच म्हणत नाहीत. निवृत्त मुख्याध्यापिका असलेल्या एक बाई माझ्याकडे खोकल्याचं औषध मागायला आल्या होत्या. मी म्हटलं, मी खोकल्याची डॉक्टर नाही. त्या म्हणाल्या, "ठाऊक आहे मला. पण खोकला थांबला की बाकीचं आपोआप थांबेल ना!" तर्काला तोड नव्हती.

बाहेरच्यांना सांगायचं तर आपल्या ओटीपोटाला तळ असतो. पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी बांधलेली असते आणि मूत्राशय, गर्भाशय, आतडं असा सगळा संसार त्या झोळीत ठेवलेला असतो. बाळंतपणात ती ताणली जाते, पाळी गेल्यावर सैलावते, बद्धकोष्ठाने, जुन्या खोकल्याने आणि वाढलेल्या वजनाने तिच्यावर रोजचा भार पडतो. पण झोळी स्नायूंची आहे, आणि स्नायू शिकवला तर म्हातारपणीसुद्धा शिकतो. हे शिकवणं हा माझा धंदा. दिसत नाही असा स्नायू आवळायचा कसा, हे समजावताना मी पहिली काही वर्षं पुस्तकी शब्द वापरून बायांना गोंधळात टाकलं. त्या पोट आत ओढत, श्वास कोंडत, भुवया वर नेत, आणि जे हलायला हवं ते सोडून सगळं हलवत. मग एके दिवशी मी सरळ सांगितलं, "चारचौघांत वारा सरेल असं वाटलं की आपण काय करतो? तेच करा. आणि श्वास चालू ठेवा." बाई पदर तोंडाला लावून हसली आणि पहिल्या फटक्यात बरोबर केलं. त्यानंतर मी पुस्तकी शब्द कायमचे सोडले.

वजनाबद्दल मात्र मला जरा भांडायचं आहे. जाड बाईला आपल्याकडे कुठल्याही दुखण्यावर एकच उतारा मिळतो, 'वजन कमी करा आणि मग या.' वजन उतरलं की झोळीवरचा भार हलका होतो, गळणंही कमी होतं, हे अगदी खरं. मी स्वतः ते बायांना सांगायची. पण 'आणि मग या' हे शब्द घातक. वजन काही महिनाभरात उतरत नाही, आणि बाई पुन्हा येत नाही. शिवाय ती चालायला जात नाही, कारण चालताना गळतं. चालत नाही म्हणून वजन वाढतं. वाढलं म्हणून आणखी गळतं. या चरकातून तिला बाहेर काढायचं तर आधी झोळी घट्ट करायची, म्हणजे ती बिनघोर चालायला लागते. माझा स्वतःचा देहही काही चवळीची शेंग नव्हे. एकदा एका बाईने मला आपादमस्तक न्याहाळून विचारलं, "तुम्हाला होतं का हो?" मी म्हटलं, "होत होतं. व्यायाम केले." मला वाटतं माझ्या सगळ्या पदव्यांपेक्षा त्या उत्तराने मला जास्त पेशंट दिले.

आणि बारीक बायांना होत नाही असंही समजू नका. खालच्या पोळी-भाजी केंद्रातली सुलभा काडीसारखी होती. दिवसभर तव्यापुढे उभी, पिठाच्या गोण्या एकटी उचलायची. वर कधी आली नाही, पण मी पोळ्या घ्यायला गेले की म्हणायची, "मॅडम, तुमच्याकडे सगळ्या जाड्या बाया येतात ना?" एकदा तिला कशावरून तरी खो खो हसू आलं, आणि ती एकदम पाय आवळून, ओट्याला धरून उभी राहिली. आमची नजरानजर झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती वर आली. गुडघ्यांचं नाटक न करता सरळ बसली आणि म्हणाली, "चला, सांगा काय करायचं ते." तिला गोणी उचलण्याआधी तळ आवळायचा, मग श्वास सोडत उचलायचं, एवढं शिकवलं. 'आधी आत उचल, मग बाहेर उचल' हे माझं वाक्य तिचंच. तिने ते केंद्रातल्या इतर मुलींनाही शिकवलं आणि माझं गिऱ्हाईक बुडवलं. तिचे आभार मानावे तेवढे थोडे.

पण ज्या एका बाईसाठी मी हे सगळं लिहायला बसले, त्या मथुराबाई. नाव बदललेलं आहे. त्यांची परवानगी मागितली तेव्हा त्या म्हणाल्या, "माजा नाव बदल. गावाचा ठेव. बाकीच्या बायांना कललाच पायजे." म्हणून सांगते, त्या ठाण्यातल्या, खाडीकाठच्या कोलशेतच्या. तिथून डोंबिवलीला माझ्याकडे यायच्या, कारण ठाण्यात ओळखीचं कोणी भेटेल ही भीती. घरी सांगायच्या, लेकीकडे जाते. लेक खरंच डोंबिवलीला राहायची, आणि तिलाही काही माहीत नव्हतं.

मथुराबाई आगरी समाजातल्या. घरचं पूर्वी मीठ पिकवायचं काम, आता त्या जमिनीवर इमारती. पण गावात त्यांना मान होता तो धवलारीण म्हणून. आगरी लग्नात भटजी असतो, पण हळदीला धवलारीण लागतेच. ती मांडवात बसून धवले गाते, म्हणजे गाण्यातून एकेका देवाला, गावदेवीला, घरच्या पूर्वजांना लग्नाला बोलावते. पुस्तक नाही, कागद नाही, सगळं तोंडपाठ, आणि आवाज असा की मांडवाबाहेर उभ्या बाप्यांनी बोलणं थांबवावं. बसली की देव येऊन होईपर्यंत उठायचं नाही, हा मथुराबाईंच्या सासूने घालून दिलेला नियम. सासूही धवलारीण होती; ती आता नाही.

त्यांनी हे सगळं मला तिसऱ्या की चौथ्या भेटीत सांगितलं. पहिल्या भेटीत अर्थात गुडघे. मी दाराशी प्रश्न विचारला तेव्हा त्या मागे वळल्याच नाहीत. दाराकडे तोंड करूनच म्हणाल्या, "शिंकताना काय नाय होत. गाताना होतं."

आदल्या वर्षी गावातल्या एका हळदीला ऐन धवल्यात, उंच हाक देताना, त्यांचं लुगडं ओलं झालं होतं. समोर पूजेचा तांब्या होता. बाईंनी हात लागल्याचं निमित्त करून तो स्वतःच्या मांडीवर लवंडला. कोणाला काही कळलं नाही. पण धवलारणीच्या हातून तांब्या सांडला म्हणून बायांत कुजबूज झाली, अपशकुन झाला म्हणाल्या. त्यानंतर मथुराबाईंनी एकही लग्न घेतलं नाही. विचारणाऱ्याला सांगत, आवाज गेला.

"असल्या लुगऱ्यात देवांना कशी बोलवू बाय?" त्या मला म्हणाल्या. "देव काय बोलतील?"

फॅमिली डॉक्टरांना त्यांनी आडून विचारलं होतं, तर नेहमीचा उतारा मिळाला. मथुराबाई अंगाने भरलेल्या होत्या. त्यांनी इमानाने भात सोडला. "भात सोडला तं अंगातला जोर गेला, चिडचिड झाली, सुनेशी भांडान झाला. वजन थोडा उतरला पन ह्या काय थांबला नाय." मग त्यांनी पुन्हा भात धरला.

आता घाई असण्याचं कारण होतं त्यांची नात प्रणाली. तिचं लग्न ठरलं होतं, स्वतः जमवलेलं. मुलगा सागर दिवा स्टेशनजवळ राहणारा, मूळचा साताऱ्याकडचा, बँकेत नोकरीला. घरात आधी बरीच आदळआपट झाली होती आणि शेवटी सगळे राजी झाले होते. हळद आगरी पद्धतीनेच होणार असं ठरलं. आणि आजी म्हणाली, मी बसणार नाही, दुसरी धवलारीण बघा.

घरात याचा जो अर्थ लावला गेला तो साहजिकच होता. सून वंदना म्हणाली, "गावातल्या सगळ्या पोरींना बसलात आणि स्वतःच्या नातीला नाही? मुलगा आपल्यातला नाही म्हणूनच ना?" मथुराबाई गप्प. गप्प बसल्या म्हणजे तेच खरं. प्रणालीने आजीशी बोलणं टाकलं. एका दुपारी मथुराबाई क्लिनिकमध्ये आल्या त्या रडतच. नात म्हणाली होती, आजी बसणार नसेल तर मला हळदच नको, आम्ही कोर्टात सही करून मोकळे होऊ.

मी म्हटलं, "आजी, सांगून टाका ना पोरीला. शिकलेली आहे, समजून घेईल."

"मरन बरा," मथुराबाई म्हणाल्या.

मी कोणाला सांगू शकत नव्हते. पेशंटचं गुपित ते पेशंटचं. आम्ही व्यायामाला लागलो. त्यांच्या परवानगीने मी आतून तपासलं होतं, स्नायू अगदीच कमजोर होते. पण बाई जिद्दी. सकाळी उठल्यावर, भाकऱ्या थापताना, टीव्हीपुढे, सांगितलं तसं करायच्या. अडीच-तीन महिन्यांनी तपासलं तर ओळखू येऊ नयेत इतके स्नायू सुधारलेले. क्लिनिकमध्ये खोकून बघितलं, उड्या मारून बघितल्या, हो, त्या वयात त्यांनी उड्याही मारल्या, आणि थेंब नाही. मी मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली. आणि पुढच्या आठवड्यात त्या उतरल्या चेहऱ्याने आल्या. "घरी आवाज लावून बघितला. ओली झाली."

माझी मती गुंग झाली. म्हटलं, इथे गाऊन दाखवा. त्या ताठ झाल्या. "धवला उगाच गात नाय. मांडव लागतो." बरं, मग आवाज कसा लावता? म्हणाल्या, घराच्या मागे खाडीकडे तोंड करून हाका मारते, जुन्या बाया मिठागरात एकमेकींना मारायच्या तशा. मी म्हटलं, मग मी येते तिथे.

त्यांच्या जागेवर आता चार मजली इमारत आहे, मथुराबाई तळमजल्यावर. मला त्यांनी 'डोंबिवलीची मैतरीन' म्हणून सुनेपुढे उभं केलं. चहा झाला. मग आम्ही दोघी इमारतीच्या मागे गेलो. कुंपणाची भिंत, पलीकडे तिवरं, त्यापुढे खाडी. मी म्हटलं, मारा हाक. त्या म्हणाल्या, "थांब, तयार होऊन येतंय," आणि आत गेल्या. मला वाटलं पदर-बिदर नीट करत असतील.

बाहेर येऊन त्यांनी हाक मारली, आणि मी त्यांच्या पोटावर हात ठेवला. पोट कसलं, फळी होती. लुगड्याच्या आत, कमरेपासून बरगड्यांपर्यंत जुन्या लुगड्याचा दुपदरी पट्टा करकचून बांधलेला.

"हे काय आजी?"

"पोट बांधल्याबिगर आवाज कसा येल? सासूनी शिकवलेला. गायला बसाच्या आधी बांधाचा."

माझ्याकडे त्या कधी बांधून आल्या नव्हत्या, कारण माझ्याकडे कुठे गायचं होतं! आणि त्रास सुरू झाल्यापासून तर त्या पट्टा आणखी आवळत होत्या, सगळं आत धरून राहावं म्हणून. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, "आजी, दुधाची पिशवी मधोमध दाबली तर दूध कुठे जातं?"

"वर आन् खाली."

"वर तुमचा आवाज. आणि खाली?"

त्यांना लगेच समजलं. पण पट्टा सोडायला त्या तयार होईनात. सासूचं शिक्षण, सासू केवढी मोठी धवलारीण, तिला पंचक्रोशीतून बोलावणी यायची. मी समजावत होते, त्या मान हलवत होत्या, आणि बोलता बोलता एकदम थांबल्या. भिंतीला टेकून खाडीकडे बघत राहिल्या.

"सासूनी पन मंगं लग्ना सोरली होती," त्या हळूच म्हणाल्या. "एकाएकी. बोलली, आवाज गेला. आनि घरात तं मोठमोठ्यानी वरडाची मना. मी बोलायची, आवाज तं चांगला हाय हिचा."

पन्नास वर्षं एका छपराखाली राहिलेल्या सासू-सुना, दोघींना एकच दुखणं, दोघींचं एकच खोटं, आणि एकीचं दुसरीला ठाऊक नाही. मथुराबाईंनी लुगड्यात हात घालून गाठ सोडली. पट्टा ओढून काढला, त्याची घडी घातली आणि काखेत धरून ठेवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसलंही नाही.

त्यानंतरची पहिली हाक फारच केविलवाणी आली. मी सुलभाचं वाक्य त्यांना दिलं, आधी आत उचला, मग हाक. श्वास कोंडायचा नाही, पोट मोकळं सोडायचं. सवय मोडायला वेळ लागला. बाई माझ्यावर वैतागायच्या, "तुज्या नादान आवाज पन जाल माजा." मग हळूहळू आवाज सापडला. पूर्वीसारखा धारदार नाही, जरा खालचा, पण भरलेला. आणि लुगडं कोरडं. त्या दिवशी त्यांनी मला सुकी मासळी दिली. माझ्या शाकाहारी घरात त्यावरून जे झालं तो वेगळा लेख होईल.

एका गोष्टीवर मात्र आमचं जमलं नाही. मी म्हटलं, स्नायू कितीही चांगला झाला तरी मूत्राशय भरायचं ते भरणारच. तासाभराने उठून जाऊन यायचं. मथुराबाईंनी कानावर हात ठेवले. "बसलेली धवलारीन उठत नाय. देव अर्ध्या वाटेत ऱ्हातील." मग काय करणार? सकाळपासून पाणी पिणार नाही म्हणाल्या. मी ओरडले. पाणी तोडलं की लघवी तीव्र होते आणि मूत्राशय आणखी चाळवतं, उलट घशाला कोरड पडून गाता येणार नाही. शेवटी पाणी प्यायचं एवढं त्यांनी कबूल केलं, उठायचं मात्र नाहीच. आजी बसणार म्हटल्यावर प्रणालीने तिला मिठी मारली, पण वंदनाचा विश्वास नव्हता. हळदीला मैत्रीण म्हणून मलाही बोलावणं होतं; मांडवात तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, शेवटपर्यंत बसतील ना हो त्या? मधेच उठून गेल्या तर सागरच्या घरच्यांपुढे काय राहील आमची?"

हळद संध्याकाळची. डीजेवाल्याला वंदनाने दम देऊन गप्प बसवलं होतं. प्रणाली पाटावर, तोंडभर हळद. समोर मथुराबाई, त्यांच्या शेजारी साथीला जिवीबाई, त्यांच्याहूनही म्हाताऱ्या. सागरकडच्या बाया एका बाजूला अवघडून बसलेल्या. मी त्यांच्या मागे. मला त्या गाण्यातलं सगळं काही कळत नाही, पण मथुराबाईंचा आवाज लागला आणि माझ्या अंगावर काटा आला. एकेक देव येत होता. उंच हाकेच्या आधी त्यांच्या खांद्यांची हालचाल जरा थांबायची. मांडवात फक्त मला ठाऊक होतं की त्या क्षणी बाई आत काय उचलतायत. मी प्रत्येक वेळी त्यांच्याबरोबर उचलत होते.

बराच वेळ गेला. गावदेवी आली, खाडीचे देव आले. पूर्वजांची नावं सुरू झाली, आणि मथुराबाई थांबल्या.

जिवीबाईंनी ओळ पुढे नेली आणि त्याही थांबल्या. मथुराबाईंनी जमिनीवर हात टेकला. त्या उठतायत हे दिसल्यावर मागून कोणीतरी म्हणालं, "उठली गो." वंदनाचा चेहरा पांढरा पडला. पाटावर प्रणालीचे डोळे भरून आले. इतकं करून शेवटी ओली झाली बाई, असंच मला वाटलं.

मथुराबाई सावकाश उभ्या राहिल्या. लुगडं मागून पुढून हाताने चाचपलं. कोरडं होतं. मग ज्या आवाजात देवांना बोलावलं त्याच आवाजात म्हणाल्या, "मना लघवीला जावाचा हाय."

त्या बायांकडे वळल्या.

"वर्सभर ह्याच्यापायी गात नव्हती मी. गाता गाता लुगरा ओला व्हायचा. तो तांब्या पन मीच सांडला होता, अपशकुन नाय झाला. पोरावर माजा काय राग नाय, पोरगा सोन्यासारखा हाय." मग जरा थांबून, "आथा ओली नाय मी. पन लागली हाय. देव थांबतील."

तेवढ्यात खालून जिवीबाईंनी हात वर केला. "मथुरे, मना पन उठव गो. मी पन येतंय."

दोघी निघाल्या. मागून तिसरी उठली. मग भिंतीशी बसलेली चौथी, मग सागरची आत्या, जी तासभर एका कुल्ल्यावरून दुसऱ्यावर होत होती. बघता बघता बायांची रांग लागली, आणि कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळ्याच हसायला लागल्या, आणि हसता हसता दोघी-तिघी पाय आवळून धावल्या. प्रणाली पाटावरून उठायची नाही म्हणून तिथूनच ओरडली, "आजी, सांगायचं ना गं मला!" ती रडत होती की हसत होती, हळदीमुळे नीट कळत नव्हतं. वंदना सासूच्या मागे धावली, बाथरूमपर्यंत हात धरून घेऊन गेली आणि दाराबाहेर पदराने डोळे पुसत उभी राहिली.

मला तेव्हा काय वाटलं ते मी साध्या शब्दांतच लिहिते. मला कृतज्ञ वाटलं. आयुष्यभर बंद दाराआड, आवाज खाली करून ऐकलेली गोष्ट भर मांडवात, गावदेवीच्या साक्षीने बोलली गेली होती. माझ्या सगळ्या कारकिर्दीत मला ते जमलं नव्हतं. ज्या बाया माझ्या दारात एक पाय चपलेत घालून थांबल्या आणि पुन्हा बसल्या, त्यांनी मला पोटापाण्याला लावलं, शिकवलं, मोठं केलं. ज्या बसल्या नाहीत, तशाच जिना उतरून गेल्या, त्यांची चुटपुट अजून आहे.

रांगेत शेवटची मी होते. बायांना पाणी तोडू नका, लघवी कोंडू नका म्हणून सांगण्यात जन्म गेला, आणि परक्या मांडवात उठायचं कसं म्हणून मीही केव्हाची दाबून बसले होते.

परत आले तेव्हा सगळ्या आपापल्या जागी बसल्या होत्या आणि गाणं सुरू झालं नव्हतं. मथुराबाईंनी माझी वाट बघितली होती. मी मांडी घालून बसेपर्यंत त्या बघत राहिल्या, मग मांडवभर नजर फिरवून विचारलं, "आल्या का गो सगल्या?" आणि श्वास घेऊन, जिथे थांबल्या होत्या तिथून, आपल्या सासूचं नाव घेऊन तिला लग्नाला बोलावलं.